झीलकरी

“पण तात्या, शिकलेलं गाणं विसरायचं कसं?”

बयाजी तात्या एका मेंढीच्या खुरात मोडलेला काटा काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा तरुण त्यांच्यासमोर भर उन्हात उभा होता. खांद्याला पिशवी, अंगात इस्त्रीचा कुडता. त्याचं नाव सिद्धनाथ हाक्के, पण सगळे त्याला सिदूच म्हणत. धनगराचा पोरगा, तरी मेंढरांमागं कधी गेलेला नव्हता. वडिलांनी साखर कारखान्यात नोकरी धरली आणि घरातली मेंढरं विकली, तेव्हा तो पाळण्यात होता. पुढं पोराचा गळा चांगला निघाला म्हणून वडिलांनी त्याला मिरजेला रंगनाथबुवांकडं ठेवलं. बुवांच्या घरीच तो लहानाचा मोठा झाला. बुवांच्या मागं तानपुरा घेऊन बसू लागला. येत्या उत्सवात त्याची स्वतःची बैठक ठरली होती.

ती बैठक सोडून तो माणदेशातल्या या उघड्या माळावर आला होता.

का आलो, ते त्यानं तात्यांना एका दमात सांगून टाकलं. मामाच्या वस्तीवर देवाचं कार्य होतं आणि तिथं त्यानं पहिल्यांदा तात्यांची ओवी ऐकली. आजवर कुठलंही गाणं कानावर पडलं की त्याचे सूर त्याला बसल्या जागी ओळखता यायचे. लग्नातला बँड असो की भाजीवाल्याची आरोळी. पण त्या दिवशी तात्यांनी कानावर हात ठेवून पहिली हाळी दिली आणि सिदूला षड्जच सापडेना. ज्याच्यावर सगळं गाणं उभं असतं तो पहिला सूर कुठं आहे, तेच कळेना. तरी अंगावर काटा आला. ढोल वाजला तसा तो उठून उभा राहिला, आणि आपण उभे आहोत हे त्याला बऱ्याच वेळानं समजलं.

हे आपल्या माणसांचं गाणं, असं त्याला वाटलं. मग आपण इतकी वर्षं काय करत होतो?

“मिरजेचं सगळं टाकून आलोय, तात्या. पाटी पुसून आलोय. आता फक्त तुमचं गाणं.”

हे बोलताना त्याची मान जराशी ताठ झाली होती.

तात्यांनी काटा ओढून काढला, बोटावर घेऊन बघितला आणि फेकून दिला. मेंढी लंगडत कळपात गेली.

“मिरजेचं म्हण,” ते म्हणाले.

“ते सोडलंय, तात्या.”

“म्हण.”

दुपारची वेळ होती, म्हणून सिदूनं सारंग घेतला. सुरुवातीला नाखुशीनं, नुसतं सांगितलेलं पुरं करायचं म्हणून गायला. पण गळा तयार होता. दोन आवर्तनांत तो गाण्यात बुडाला. वारा पडला होता, समोर मेंढरं माना खाली घालून चरत होती, आणि सूर माळावर दूरवर पसरत गेला. तात्यांचा जुना जोडीदार रामू बंडगर लांब बाभळीखाली पडला होता, तो उठून जवळ येऊन बसला.

गाणं संपलं.

“परत म्हण,” तात्या म्हणाले.

सिदू परत गायला. या वेळी तात्यांनी डोळे मिटून घेतले होते. गाणं संपल्यावर त्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले आणि हे कुणी दिलं, असं विचारलं. बुवांनी, असं सिदू म्हणाला.

“त्यास्नी सांगून आलास?”

सिदू सांगून आला नव्हता. बुवा सकाळी आंघोळीला गेले तेव्हा त्यानं तानपुरा भिंतीला टेकवून ठेवला होता आणि पायरी उतरला होता. बुवांच्या तोंडाकडं बघून हे बोलता आलं नसतं.

तात्या काठीवर जोर देऊन उठले.

“चोरून आणलेलं मेंढरू मी वाड्यात घेत न्हाय,” ते म्हणाले. “जा. सांगून ये.”

आणि कळपाला हाळी देत चालायला लागले.

सिदू त्याच दुपारच्या एसटीनं मिरजेला निघाला. रस्ताभर त्याच्या मनात राग होता. आपण एवढं सोडून आलो आणि म्हाताऱ्यानं दारातूनच परत लावलं. मिरज जवळ येत गेली तसा राग कमी होत गेला आणि भीती वाढत गेली. बुवा बोलतील, हाकलून देतील, नाहीतर वडिलांना बोलावून घेतील. यातलं काय झालं तर आपण काय म्हणायचं, याची तो मनात जुळवाजुळव करत राहिला.

त्यातलं काहीच झालं नाही.

तानपुरा त्यानं ठेवला होता तिथंच भिंतीला टेकलेला होता. बुवा सतरंजीवर बसले होते. त्याला बघून ते नुसतं म्हणाले, “जुळव.”

सिदू बसला. तारा जुळवायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तानपुरा बोलू लागला. बुवा ऐकत राहिले आणि सिदू बोलत राहिला. खाली मान घालून, तारा छेडत, त्यानं मामाच्या वस्तीपासून सगळं सांगितलं.

बुवांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. तो थांबल्यावर तेच बोलू लागले. त्यांच्या लहानपणी घरासमोरच्या रस्त्यावरून धनगरांचे कळप जायचे. एकदा एक म्हातारा गात चालला होता, आणि बुवा रियाज सोडून खिडकीत जाऊन उभे राहिले. वडील उठले, त्यांनी खिडकी लावून घेतली. पुढं बुवा मोठे झाले, घर त्यांचं झालं, पण ती खिडकी उघडून खाली उतरायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.

“तुला परत कुणी पाठवलं?” त्यांनी विचारलं. “आपण होऊन आलेला दिसत नाहीस.”

“बयाजी तात्यांनी.”

बुवा हसले. बऱ्याच दिवसांनी सिदू त्यांना हसताना बघत होता.

“मग जा. बैठकीचं मी बघतो.”

सिदूनं पाया पडायला वाकून त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. त्याला उठवत नव्हतं. बुवांनीच त्याला खांद्याला धरून उभं केलं आणि एवढंच सांगितलं, “इतकी वर्षं तुला गळा जप म्हणालो. आता जपू नकोस.”

परतीची एसटी सुटायला वेळ होता, तरी सिदू स्टँडवर पळत गेला. गाडीत बसायला जागा होती, पण त्याला बसवेना. दारातल्या दांडीला धरून तो उभ्यानं माळापर्यंत आला.

तात्यांनी त्याला बघितलं, भाकर दिली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मागची जागा दिली.

ओवी एकट्याची नसते. पुढं एक गाणारा असतो, त्याच्या मागं चारसहा जण. पुढचा ओळ टाकतो आणि तिचं टोक सोडून देतो. मागचे ते टोक उचलतात, लांबवतात, तोवर पुढचा दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. टोक उचलण्याला झील धरणं म्हणतात आणि उचलणाऱ्याला झीलकरी. तात्या पुढं, रामू ढोलावर, आणि सिदू शेवटचा झीलकरी.

आठवडाभरात त्यानं सगळा ताल बिघडवला.

त्याला टोक धरताच येईना. तात्यांची ओळ सुरू झाली की तो तिच्या आधीच शेवटाला पोचायचा. झील धरली की तिला मुरकी लावायचा, मुरकी जमली की अजून एक लावायचा. त्याचं ऐकत बाकीचे झीलकरी गायचे थांबायचे. रामू तर एकदा ढोल वाजवायचा विसरला. गाणं छान व्हायचं, पण एकट्या सिदूचं. ओवी तिथंच बसायची.

तात्या रागावले नाहीत. “शेपूट तेवढं धर,” ते म्हणायचे. “मेंढरू माझ्याकडं ऱ्हाऊ दे.”

शेपूट धरणं सगळ्यांत अवघड निघालं. येतं ते न गाणं, भरलेला दम आवरून धरणं, दुसऱ्यानं टाकलेला शब्द पडायच्या आत झेलणं. मेंढरांमागं चालताना तो दिवसभर तेवढंच घोकायचा. कधी लवकर जायचा, कधी उशिरा. त्याला वाटायचं, एवढ्या वर्षांच्या रियाजानंतर आपल्याला चार शब्द धरता येईनात.

आणि एक दिवस ते जमलं.

ओढ्याच्या काठी मेंढरं पाण्यावर होती. तात्या सहज गुणगुणत होते, कुणाला ऐकवायचं म्हणून नाही. त्यांनी ओळ सोडली आणि सिदूला कळायच्या आत तिचं टोक त्याच्या तोंडात होतं. शेजारी रामू, पलीकडं बाकीचे, सगळ्यांचे आवाज एका ठिकाणी पडले आणि एकच आवाज झाला. आपला त्यात कुठला, हे सिदूला सांगता आलं नसतं. तात्यांनी पुढची ओळ टाकली. परत झेलली. अजून एक. त्याला धावावंसं वाटायला लागलं. पाणी पिणाऱ्या मेंढरांना वळसा घालून तो खरंच धावला, गातच, आणि रामू मागून ओरडला की येड्या, मेंढरं बुजतील.

त्या दिवसापासून त्याला ओवीचं वेडच लागलं. देवाच्या जन्माच्या ओव्या, वाटेच्या, मेंढरू हरवल्याच्या आणि सापडल्याच्या, त्यानं तात्यांकडून हावरटासारख्या घेतल्या. कुडता जाऊन अंगावर घोंगडी आली. चप्पल तुटली, ती त्यानं परत घेतली नाही.

आणि हळूहळू आवाज बदलायला लागला.

तात्यांचा आवाज खरखरीत होता. वरच्या सुराला तो फाटायचा आणि फाटतानाच ऐकणाऱ्याला धरून ठेवायचा. सिदूला वाटलं, ओवीचा खरा जीव या खरखरीत आहे. तो घसा दाबून गायला लागला. सूर आला की मुद्दाम फाडायला लागला. थोड्याच दिवसांत त्यानं तात्यांचा आवाज असा काही उचलला की रामू डोळे मिटून दोघांत फरक सांगू शकला नसता. बाकीचे झीलकरी माना डोलवायचे. सिदू खूष होता. मिरजेची शेवटची खूण आता पुसली, असं त्याला वाटलं.

एका दुपारी तात्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि बिडी पुढं केली.

“वढ.”

“मी ओढत नाही, तात्या.”

“न्हाय?” तात्या त्याच्याकडं बघत राहिले. “मग तुजा घसा कशानं बसला?”

सिदूचा हात गळ्याकडं गेला.

“माजा बिडीनं बसलाय,” तात्या म्हणाले. “देवानं न्हाय दिलेला.”

रामू एवढा हसला की त्याला ठसका लागला. सिदूचे कान तापले. हसणं ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, “मग ओवीचा आवाज कुठला, तात्या?”

तात्यांनी ती बिडी कानावर ठेवली आणि ते मेंढरांकडं निघाले.

त्यानंतर सिदूच्या गळ्याला काहीतरी झालं. मोकळा आवाज लावला की त्याला वाटायचं, हा बुवांचा. दाबून लावला की तात्यांचा. आपला कुठला, ते त्याला सापडेना. झील धरताना तो आता एवढं बारीक गायचा की शेजाऱ्यालाही ऐकू जात नव्हतं. तात्या बघत होते. रामूनं एकदा विषय काढला, तर त्यांनी हातानंच त्याला गप्प केलं.

अशातच बिरोबाची जत्रा आली.

सकाळपासून माळ पिवळा झाला होता. भंडारा हवेत उडत होता, माणसांच्या केसांत, मेंढरांच्या पाठीवर, चहाच्या कपात, सगळीकडं. गावोगावचे ढोल आले होते. एक वाजायला लागला की दुसरा त्याला उत्तर द्यायचा, दुसऱ्याला तिसरा, आणि पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटायची. ढोलाभोवती रिंगण धरून नाचणारे गजीचे नाचे दोन्ही हातांत रंगीत रुमाल धरून तयार होते. उंच काठ्यांना बांधलेल्या छत्र्या गर्दीवर डोलत होत्या. सिदू हे पहिल्यांदाच बघत होता. सकाळची भाकर त्याच्या घशाखाली उतरली नाही, आणि ती भीती होती की आनंद, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

या जत्रेत एक रीत होती. पालखी निघताना तिच्यापुढं पहिली ओवी कुणी गायची, हे दुपारी ठरायचं. दोन मंडळ्या समोरासमोर बसत. एकीनं ओवीतून सवाल टाकायचा, दुसरीनं ओवीतूनच जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचला नाही त्यानं ढोल उलटा ठेवायचा आणि उठायचं. पहिल्या ओवीचा मान वर्षानुवर्षं तात्यांकडं होता. या वर्षी समोर कोळेवस्तीची मंडळी होती, आणि त्यांच्या पुढं धुळाबा कोळेकर. आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा गडी. त्याचे सवाल तालुक्यात गाजलेले होते.

खेळ सुरू झाला. धुळाबानं देवाच्या नावांचा सवाल टाकला, तात्यांनी जवाब दिला. धुळाबानं काठीचं गोत्र विचारलं, तात्यांनी झाडापर्यंत नेऊन पोचवलं. प्रत्येक जवाबाला माणसं भंडारा उधळत होती. तात्यांचा आवाज मात्र थकत चालला होता. झील संपली तरी त्यांना दम घ्यायला वेळ लागत होता.

मग धुळाबानं कानावर हात ठेवला आणि नवा सवाल टाकला:

*गगनाच्या वाड्यामंदी मेंढरं अगणित गा,*
*रातभर चरत्याती, निजली न्हाईत गा,*
*दिस उगवला आन् वाडा झाला रिता गा,*
*गेली कुठं मेंढरं ती, सांग मला आता गा...*

त्याच्या मंडळीनं झील धरली, ढोल वाजले आणि थांबले.

माळ शांत झाला. चांदण्यांचा हा सवाल कुणी ऐकलेला नव्हता. माणसं एकमेकांकडं बघू लागली.

तात्यांनी कानावर हात ठेवला. दम घेतला...

आणि हात खाली आणला.

ते बसल्या जागी जरा बाजूला सरकले. आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली. मग मागं वळले आणि हनुवटीनं सिदूला त्या जागेकडं खूण केली.

त्यांना जवाब सुचला नव्हता की सुचला होता, हे त्यांनी पुढंही कधी कुणाला सांगितलं नाही.

सिदू उठला. पुढं येऊन बसला ते कसं, हे त्याला आठवत नाही. एवढंच आठवतं की रामूची बोटं ढोलाच्या कडेवर होती आणि हलत नव्हती. समोर धुळाबा मिशीवरून हात फिरवत होता. सिदूनं कानावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

पहिला शब्द तात्यांच्या आवाजात निघाला, आणि निम्म्यात अडकला.

कोळेवस्तीची माणसं हसली. मागं कुणीतरी ढोल उलटा ठेवा म्हणून ओरडलं. सिदूला श्वास घेता येईना. बुडणारा माणूस करतो तशी त्यानं मान वर केली, हवेसाठी.

वर आभाळ होतं. निळ्या आभाळात पांढरे ढग, एकाला एक लागून, मेंढरांच्या कातरणीच्या दिवशी लोकरीचे ढीग पडतात तसे पडलेले.

सिदू हसला. त्याला हसूच आवरेना. आणि हसता हसताच तो गायला लागला:

*दिस उगवला, सूर्य आला कातरणी घेऊन गा,*
*एक एक मेंढरू त्यानं धरलं पाय बांधून गा...*

त्यानं टोक सोडलं. मागून रामूनं आणि झीलकऱ्यांनी ते झेललं. “धरलं पाय बांधून गा...” ढोल बोलला. सिदूला दम मिळाला.

*कातरून सोडली त्यानं, गेली वाऱ्यावर गा,*
*लोकर तेवढी ऱ्हायली गगनाच्या माळावर गा...*

आता गर्दीत हालचाल झाली. पुढच्यांना कळायला लागलं होतं. धुळाबाचा मिशीवरचा हात थांबला होता.

*सांगतूया सिदू हाक्के, खोटं न्हाई सांगत गा,*
*लोकर बगायची तर बगा मान करून वर...*

‘वर’ या शब्दावर त्याचा आवाज सुटला. तो कसा लावावा, हे ठरवायला वेळच नव्हता. तो मोकळा होता, भरलेला होता, आणि चढतच गेला. बुवांच्या घरी पहाटेच्या रियाजात तो ज्या सुरावर थांबायचा तो सूर मागं पडला, त्याच्या वरचा आला, आणि तिथं तो लांब, सरळ, न थरथरता उभा राहिला. ओवीत असा सूर कुणी लावत नसे. झीलकऱ्यांना टोक कुठं धरावं कळेना. मग रामूनं, ढोल न थांबवता, खालून आपल्या जाड्या आवाजात तोच शब्द धरला. बाकीच्यांनी त्याला धरलं. वर सिदू, खाली ते सगळे.

आणि साऱ्या माळानं माना वर केल्या.

म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. बायकांनी कडेवरच्या पोरांना बोटानं आभाळ दाखवलं. छत्र्यांच्या काठ्या धरलेली माणसं छत्र्या बाजूला करून बघायला लागली. धुळाबा कोळेकर तोंड उघडं टाकून ढगांकडं बघत होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं आपला ढोल आपल्याच हातानं उलटा ठेवला, पुढं आला, ओंजळभर भंडारा सिदूच्या डोक्यावर ओतला आणि त्याला उचललं.

त्यानंतर ढोल फुटतील असे वाजले. तात्यांच्या मंडळीचे, कोळेवस्तीचे, बाकीच्या गावांचे, सगळे एकदम. उलटा ठेवलेला ढोलही कुणीतरी सुलटा करून गळ्यात अडकवला. गजीचं रिंगण धरलं गेलं, मोडलं, परत दुप्पट मोठं होऊन धरलं गेलं. पालखी उठली. पहिली ओवी तिच्यापुढं सिदूनंच धरली. तो ओळ टाकत होता आणि टोक सोडत होता, आणि ते झेलायला आता चारसहा जण नव्हते, सारी जत्रा होती. भंडाऱ्यानं त्याला समोरचं दिसत नव्हतं. घोंगडी कुठं पडली, कळलं नाही. आपण किती वेळ गातोय, तेही नाही. कुणीतरी गूळ तोंडात भरवत होतं आणि तो गूळ चघळतच पुढची ओळ जुळवत होता.

पालखी ओढ्यापर्यंत जाऊन आली. देव जागेवर बसले. ढोल एकेक करून थांबले.

तेव्हा कुठं सिदूला तात्यांची आठवण झाली.

ओवीत असा सूर लावत नसतात. तात्यांनी आपली जागा दिली आणि आपण तिथं बसून त्यांच्या वाडवडिलांच्या ओवीचं हे काय करून ठेवलं? लोक नाचले ते खरं, पण लोक कशालाही नाचतात. तो धावत सुटला. देवळामागं बघितलं, बाभळीखाली बघितलं. रामूला विचारलं, तर त्यानं नुसतं ओढ्याकडं बोट केलं.

तात्या ओढ्याच्या कडेला एका दगडावर बसले होते. सदऱ्यावरून घामाचे ओघळ गेले होते, भंडाऱ्यात पिवळे झालेले. पटका सुटून गळ्यात आला होता. दोन्ही पाय त्यांनी पाण्यात सोडले होते, आणि छाती अजून वरखाली होत होती.

सिदू समोर पाण्यात जाऊन उभा राहिला. त्यालाही धाप लागली होती.

“तात्या,” तो म्हणाला, “खरं सांगा. मी गायलो ती ओवी होती का?”

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. दोन्ही मुठी उघडल्या. मुठींत गजीच्या नाच्यांचे चुरगळलेले रुमाल होते, एक लाल, एक हिरवा.

“मला काय इचारतूस?” ते म्हणाले. “मी नाचत हुतो.”